खाड्याच्या भीतीने घेतलेली गोळी

संपादक महोदय,

डॉक्टरांना न विचारता वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांना अज्ञानी ठरवून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला अन्यायाची वाटते. नोकरदार घरात कंबर धरली, तर जुनी चिठ्ठी सापडते, एखाद्या डॉक्टर नातेवाइकाला फोन करता येतो आणि दुखणे वाढलेच तर रजा टाकून दवाखाना गाठता येतो. बीडहून पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात गेलेल्या ऊसतोड जोडप्याला यातले काहीच मिळत नाही. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, एक दिवस फडात गेले नाही तर खाडा पडून पैसे कापले जातात, आणि आरोग्य केंद्र उघडे असते तेव्हा ही माणसे उसात असतात. मग जवळच्या दुकानातून पाकिटाची कात्रण करून दिलेल्या दोन-चार गोळ्या येतात, ज्यांवर बहुधा औषधाचे नावही पूर्ण उरत नाही आणि मुदतीची तारीखही.

डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक औषध कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. ते पहाटे उपाशीपोटी घेतले, तर जठराला व्रण होण्याचा, रक्तस्रावाचा धोका असतो. त्याहून मोठी काळजी मूत्रपिंडाची आहे. उन्हात घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरणारी जी यंत्रणा असते, तिच्यावरच ही औषधे घाव घालतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात मोळ्या वाहणाऱ्याला तीच गोळी कार्यालयात बसणाऱ्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

स्त्रियांचे हाल याहून वाईट. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये शासनाला समिती नेमावी लागली होती; गोळी आणि शस्त्रक्रिया यांच्यामागे मजुरी बुडण्याची हीच भीती आहे, असे मला ठामपणे वाटते.

या लोकांना ‘जागरूकते’ची पत्रके वाटून काय साधणार? औषध दुकानांची तपासणी व्हावीच, परंतु ती एकटी केली तर दुखणे तसेच राहील आणि गोळी तेवढी महाग होईल. मजुरांच्या तळावर संध्याकाळी डॉक्टर आणि महिला आरोग्यसेविका येतील अशी व्यवस्था प्रत्येक साखर कारखान्याने गळीत हंगामभर करावी, आणि आजारपणाचे दिवस खाड्यात धरले जाणार नाहीत, अशी लेखी अट शासनाने उचलीच्या करारात घालायला लावावी.

आपला,
एक वाचक, बीड