हाडांचा ढीग नसलेलं जेवण

प्रिय भावा,

परवा फोनवर तू नुसता खिदळत होतास म्हणून सगळं नीट लिहून पाठवतोय, एकदाच वाच आणि मग परत विषय काढू नकोस. हो, गेलो होतो मी. ज्याला तुम्ही सगळे "याला शेवटी वाढा, नाहीतर पातेलं रिकामं करेल" म्हणता तोच मी. आमच्या हिचं प्रमोशन झालं, जागा तू ठरव असं मीच बोलून बसलो, आणि हिने शोधून काढलं प्युअर व्हेज, तेही महागडं, सात कोर्सवालं, जिथे निवडायला काही नसतंच, ते देतील ते गपगुमान खायचं.

नावं ठेवायची असं ठरवूनच गेलो होतो. पहिला कोर्स त्यासाठी अगदी सोयीचा निघाला, भल्यामोठ्या प्लेटच्या कोपऱ्यात एक गाजर आणि त्याच्यावर फेस. (फेस कोण खातं रे?) मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

मग सूप आलं. नुसतं तपकिरी पाणी, वर काही तरंगत पण नव्हतं. एक घोट घेतला आणि माझी बोलतीच बंद. शप्पथ, मला वाटलं यांनी आत गुपचूप हाडं उकळलीत. वेटर म्हणाला, कोम्बू आणि वाळवलेले शिताके मशरूम, बस्स. कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ. घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसलो तर कळलं की १९०८ साली किकुनाए इकेदा नावाच्या जपानी केमिस्टने याच शेवाळातून ग्लुटामेट नावाचं चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या मटणाच्या रश्शासारख्या चवीला उमामी म्हटलं. वाळवलेल्या शिताकेत ग्वानिलेट नावाचं तसलंच दुसरं द्रव्य असतं, आणि दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरीज होत नाही, कितीतरी पटीने चढते. म्हणजे बघ, आपण इतकी वर्षं मटणाची चव मटणाची चव करत होतो, त्यातली निम्मी मटणाच्या बापाची पण नाही.

पण ओठ चिकटले नाहीत. हाडं उकळली की कोलॅजनचं जिलेटिन होतं, म्हणून तर आपला रस्सा गार झाला की थिजतो. शेवाळात कुठून येणार ते.

किंग ऑयस्टर मशरूम मात्र भारी होतं, जाडजूड देठ आडवा कापून लालसर होईपर्यंत भाजलेला. मशरूमच्या पेशींच्या भिंतीत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, ते उष्णतेने विरघळत नाही, म्हणून कितीही शिजवा लगदा होत नाही, चावायला काहीतरी राहतं. मी हिच्या प्लेटमधला पण उचलला.

आणि मग आला "स्टेक", सोयाचा. सगळ्यात फालतू कोर्स हाच. मांसाला रेषा असतात, एका घासात चरबी, दुसऱ्यात करपलेली कड, आणि हे कुठूनही चावा, एकसारखंच लागतं. मशरूम मशरूमसारखं लागलं तेव्हा मी खूश होतो ना, मग हे सोंग कशाला? ज्याला मटण माहीत नाही त्याला ते नको असतं आणि ज्याला माहीत आहे तो फसत नाही. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्क नावाच्या बड्या रेस्टॉरंटने २०२१ मध्ये मांस-मासे बंद केले, तीन मिशलिन स्टार (रेस्टॉरंटला मिळणारा सगळ्यात वरचा दर्जा) पण टिकवले, तरी २०२५ मध्ये मांस परत आणलंच. हे मी हिला वाचून दाखवलं, ती म्हणाली झोप आता.

पोट भरलं होतं हं, खोटं नाही बोलणार. फक्त शेवटी ताटाकडे बघितलं तर ते स्वच्छ. बाजूला हाडांचा ढीग नसेल तर किती जेवलो ते कळणार कसं? हात पण कोरडे, चाटायला काही नाही.

कोम्बू ऑनलाइन मागवलाय. तू येशील तेव्हा सूप मीच करणार, फक्त त्यात एक नळी टाकायची की नाही यावर घरात वाद चालू आहे. एक मत कमी पडतंय, लगेच कळव.

तुझाच,
खादाड