क्वांटमच्या नावानं चांगभलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मध्यंतरी पेपराच्या घडीतून एक पॅम्प्लेट घरी पडलं, फोंड्यात अमुक हॉलमध्ये 'क्वांटम बॉडी चेकअप', सुई नको रक्त नको. बायको म्हणाली बघून तर येऊ. तिथे टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला एक डबा आणि हातात धरायला स्टीलची कांडी. मिनिटभर कांडी धरली की प्रिंटरमधून पानंच्या पानं, लिव्हर कसं, हाडं कशी, कुठलं व्हिटॅमिन कमी, आणि मग लगेच पावडरचे डबे पुढे. मशीनचं नाव काय तर क्वांटम मॅग्नेटिक रेझोनन्स. माझं टीव्ही-मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, तो डबा खोलून बघायला हात शिवशिवत होते पण तो बाबा जवळ येऊ देईना.

गंमत म्हणजे तिन्ही शब्द खरे आहेत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एमआरआय काढतात तिथे हेच चालतं. अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो, त्याच्या केंद्राला स्पिन नावाचा गुण असतो, चुंबकात ठेवलं की त्याला दोनच अवस्था, मधलं काही नाही, हे झालं क्वांटम, आणि बरोब्बर फ्रिक्वेन्सीची रेडिओ लहर दिली की तो एकीतून दुसरीत जातो, हा झाला रेझोनन्स. पण त्यासाठी साधारण 1.5 टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) चुंबक लागतं, त्याची कॉइल द्रव हेलियममध्ये उणे 269 डिग्रीला ठेवतात, आत जाताना घड्याळ-चाव्या सगळं बाहेर काढून ठेवायला लावतात. आणि इथे यूएसबीवर चालणारी कांडी!

क्वांटम म्हटलं की लोक एकदम गूढ चेहरा करतात. 1900 साली माक्स प्लांकने मांडलं की ऊर्जेची देवघेव ठराविक मापाच्या पुड्यांतच होते (ती पुडी म्हणजेच क्वांटम), 1905 ला आइनस्टाईन म्हणाला प्रकाशच तसा आहे, आणि पुडी केवढी ते रंगावर ठरतं, निळ्याची मोठी, लालची लहान. दुकानात हे रोज दिसतं, मोठ्या पुडीला जास्त व्होल्ट लागतात. मल्टिमीटर लावून बघा, लाल एलईडी 2 व्होल्टच्या आसपास पेटते, निळी जवळजवळ 3 मागते, पांढरीही तेवढंच, कारण ती आतून निळीच, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. ती निळी जमवणाऱ्या तिघांना, आकासाकी, अमानो आणि नाकामुरा, 2014 चं नोबेल मिळालं. आपल्याकडे एलईडी म्हटलं की आधी एलईडी फिशिंगच, म्हणजे रात्री बोटीवर झगझगीत दिवे लावून मासे ओढून घेणं, आठवतं, 2017 मध्ये केंद्राने बंदी घातली तरी रापणकारांची (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची) ओरड चालूच आहे (त्या वादात मी पडत नाही), पण बोटीवरच्या त्या झगझगाटातही हेच क्वांटम आहे आणि तिथे कोणी त्याला चमत्कार म्हणत नाही.

क्वांटममधलं टनेलिंग, म्हणजे कणाने जिथून जाता येऊ नये अशा भिंतीतून पलीकडे जाणं, तर तुमच्या खिशात आहे. मोबाईलच्या मेमरीत इलेक्ट्रॉन इन्सुलेटरच्या (वीज जाऊ न देणाऱ्या पदार्थाच्या) एकदम पातळ थरातून आरपार जाऊन आत अडकतो, बॅटरी संपली तरी तिथेच, म्हणून फोटो राहतात. लिहून-पुसून तो थर झिजतो आणि जुनं कार्ड मान टाकतं, शिव्या मात्र रिपेअरवाल्याला.

त्या हॉलमधले गुरुजी एंटँगलमेंटवर पण बोलले, म्हणे तुमचा विचार दुबईतल्या मुलापर्यंत त्याच क्षणी पोचतो. साफ चूक. दोन कण एकमेकांत गुंतलेले असले की त्यांची मोजमापं जुळतात, कितीही लांब असले तरी, 2022 चं नोबेल ह्याच प्रयोगांना मिळालं, पण त्यातून निरोप पाठवता येत नाही. मुलाला फोनच करावा लागतो.

असल्या वस्तूंत निव्वळ पैसे गेले तर एकवेळ ठीक, पण कधी अंगालाही धोका असतो. नेदरलँड्समध्ये 2021 साली 5जी पासून वाचवतात म्हणून विकलेली लॉकेटं, ब्रेसलेटं सरकारी संस्थेने तपासली तर त्यातून किरणोत्सर्ग निघत होता.

संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटमचं वर्ष पाळलं, केंद्राने 2023 मध्ये 6,003 कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, म्हणजे हा शब्द आता सारखा कानावर येणार आणि असले डबेवाले पण वाढणार. तर विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत राशिभविष्याच्या अर्धी जागा द्या, आठवड्याला एकच शब्द घ्या, तो घरातल्या कुठल्या वस्तूत आहे ते साध्या भाषेत लिहा. लिहिणारी माणसं ताळगावला विद्यापीठात मिळतील. आणि पेपरात घालायची पॅम्प्लेटं एजंटाने निदान वाचून तरी घालावीत, त्याला तेवढं सांगा.

आपला,
एक वाचक, फोंडा