वह्या पुरे झाल्या, आता पोरांना वर्कशॉप बघू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की नाशिकच्या पेपरांत दोन बातम्या हमखास येतात, एक गुणवंतांच्या सत्काराची आणि दुसरी कुठल्यातरी उद्योजक संघटनेच्या पदाधिकाऱ्याची, की साहेब कुशल कामगारच मिळत नाही. कधीकधी दोन्ही एकाच पानावर असतात आणि तरी त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणाला वाटत नाही, म्हणून हे पत्र.

मी आणि माझे मिस्टर नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जॉबवर्कचं, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून द्यायचं, छोटं युनिट चालवतो. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीन), एक जुना लेथ आणि बाकी बँकेचं कर्ज. मशीनचं ते बघतात, क्वालिटी आणि बिलिंग माझ्याकडे. 'ऑपरेटर पाहिजे' हा बोर्ड आमच्या गेटवर बाराही महिने लटकलेला असतो, त्यामुळे माणूस मिळत नाही ही तक्रार माझीपण आहे आणि ती खोटी नाहीये. पण ती माणसं तयार व्हावीत म्हणून आपण व्यापारी-उद्योजक मंडळी नेमकं करतो काय? संघटना शाळेत जाते, वह्या, दप्तरं, वॉटर प्युरिफायर देते, फारच झालं तर पाच-दहा कॉम्प्युटर, मग फोटो, नारळ, शाल, चहा-समोसा आणि गाड्या परत. अशाच एका वाटपाला मी पण गेले होते, पुढे कळलं की कॉम्प्युटर कुलपात आहेत, कारण बिघडले तर रिपेअरचे पैसे कोण देणार हे कुणीच ठरवलं नव्हतं. शाळेला तरी काय बोलणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की संघटनांनी शाळांना वस्तू वाटणं कमी करावं आणि स्वतःचं कसब आणि वेळ द्यावा. पैसा द्यायचाच असेल तर तो असा ठेवावा की अध्यक्ष बदलला तरी काम बंद पडणार नाही.

याची जुनी उदाहरणं आहेत. लंडनमध्ये कापडवाले, सोनार, शिंपी, चामड्याचे व्यापारी यांचे शेकडो वर्षांपूर्वीचे संघ आजही आहेत, लिव्हरी कंपन्या म्हणतात त्यांना, शंभराच्या वर आहेत. नाव कंपनी पण धंदा करायची कंपनी नाही, धंदेवाल्यांची पंचायत म्हणा. 1509 मध्ये जॉन कॉलेट नावाच्या धर्मगुरूनं सेंट पॉल्स ही शाळा काढली. स्वतः चर्चचा माणूस, पण शाळेचा कारभार चर्चकडे न देता त्यानं मर्सर्स म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या संघाकडे दिला, कारण काय तर संसारी, बायको-पोरं असलेल्या नागरिकांत त्याला सगळ्यात कमी भ्रष्टाचार दिसला म्हणे! (हे वाचून आमचे मिस्टर बराच वेळ हसत होते.) मर्चंट टेलर्सची शाळा 1561 ची. रॉबर्ट आस्क नावाचा रेशमाचा व्यापारी 1689 मध्ये वारला, त्यानं हॅबरडॅशर्स संघाकडे पैसे ठेवले, 20 गरीब म्हाताऱ्या सभासदांची सोय आणि 20 गरीब मुलांची शाळा यासाठी. त्या परंपरेतल्या शाळा आजही चालू आहेत. आणि 1878 मध्ये लंडन शहर आणि असे 16 संघ यांनी मिळून सिटी अँड गिल्ड्स ही संस्था काढली, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, स्वयंपाकी अशा कामांच्या परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी. गल्फला नोकरीला गेलेल्या आपल्याकडच्या काहींनी हे नाव ऐकलं असेल.

आता कुणी म्हणेल की ते लंडन, त्यांच्याकडे पैसा आहे. तर मग पांडवलेणीला जा. अंबडवरून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, रविवारी सकाळी अर्धं नाशिक तिथं वजन कमी करायला चढतं, पण 10 नंबरच्या लेण्यातला लेख कुणी थांबून बघत नाही. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याचा तो लेख आहे. त्यानं 3000 कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या गंगापूर-गोवर्धन भागातल्या, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. 2000 एका श्रेणीकडे महिना शेकडा एक व्याजानं आणि 1000 दुसरीकडे महिना शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं, असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या रकमेचं व्याज वर्षाला 240 होतं, आणि लेण्यातल्या 20 भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी 12 द्यायचे ठरलंय. 20 गुणिले 12, हिशोब काटेकोर! शिवाय हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून फलकावर नोंदवलंय, म्हणजे आजच्या भाषेत रजिस्टर केलंय. पुढे आभीर राजांच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका बाईनं आजारी भिक्षूंच्या औषधासाठी असाच पैसा ठेवला, तो पाण्याची यंत्रं करणारे, तेली वगैरे श्रेणींकडे. शाळेचा संबंध नव्हता हे मान्य, पण मला पटलेली गोष्ट ही की राजाचा जावईसुद्धा कायमस्वरूपी कामासाठी पैसा ठेवताना विणकरांच्या संघटनेवर विश्वास ठेवत होता आणि ती व्याज नियमानं देईल याची त्याला खात्री होती. आजच्या किती संघटनांकडे तुम्ही-आम्ही असा पैसा ठेवू?

एक मात्र बोललंच पाहिजे, नाहीतर कुणीतरी म्हणेल ही बाई जुन्याचं फार कौतुक करते. जुने संघ दार लावून बसलेले असायचे. तिकडे शिकाऊ पोराला सात-सात वर्षं बांधून घ्यायचे आणि बाहेरच्याला धंद्यात शिरू द्यायचे नाहीत. आपल्याकडे तर तांबटाचा पोरगा तांबट, कोष्ट्याचा कोष्टी, आणि मुलींनी घरात बसून नुसतं सुताच्या कांड्या भरायचं काम करायचं, मागावर बसायचं नाही. ते परत नकोय. संघटनेचं दार म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या, कुणीच ओळखीचं नसलेल्या पोरीसाठी उघडलं तरच याला अर्थ आहे, कारण ज्याचा मामा कंपनीत सुपरवायझर आहे त्याचं जमतंच.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका सरांनी आठवीचा वर्ग आमच्याकडे आणला होता. आम्ही मशीन बंद ठेवून दाखवलं, पोरं जरा कंटाळली, कूलंटच्या वासानं दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावला. मग मी इन्स्पेक्शन टेबलवर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, काढला आणि एकीला म्हटलं, तुझा केस दे. तिनं केस धरला, रॅचेट फिरवलं, टिक टिक झालं आणि रीडिंग आलं 0.07 मिलिमीटर. मग मैत्रिणीचा केस, मग सरांचा, तो जरा जाड निघाला आणि एकच दंगा! तेवढ्यात तिनं टेबलवरच्या ड्रॉइंगवर बोट ठेवून विचारलं, काकू इथं तर 0.01 लिहिलंय, म्हणजे केसापेक्षा पण कमी चूक चालते? सर मला नंतर म्हणाले की दशांश अपूर्णांक मी वर्षभर शिकवतोय पण हा प्रश्न वर्गात कधी आला नाही. त्या पोरीचे वडील रिक्षा चालवतात आणि तोपर्यंत तिच्या डोक्यात करिअर म्हणजे पोलिस भरती किंवा नर्सिंग, बस. आता ती टूलरूमलाच, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या कामालाच, जाईल असं मी म्हणत नाही. असं पण काम असतं, एवढं तिला कळलं.

आणि याला सरकारी परवानगीची अडचणही नाहीये. 2020 च्या शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना म्हणून सांगितलेत, त्यात सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक लोकांकडे जाऊन शिकायचं. शाळा हे दिवस चित्रकला स्पर्धा घेऊन संपवतात, कारण त्यांना बिचाऱ्यांना कुठं न्यायचं हे माहीत नसतं. इथं संघटनेचं काम सुरू होतं. सातपूर-अंबडच्या कारखानदारांच्या संघटना आहेत, सराफांची आहे, द्राक्ष बागायतदारांचा संघ आहे, बिल्डरांची आहे, केटरिंगवाल्यांची असेल. प्रत्येकीनं आपले वीस-पंचवीस मेंबर असे काढावेत की जे वर्षातून दोन दिवस पोरांना घेतील. सराफ बाजारात कस कसा लावतात, भांडं ठोकून घडवतात कसं, पॅकहाऊसमध्ये द्राक्षाचा एक्स्पोर्टचा घड आणि लोकलचा घड वेगळा का काढतात, हे बघायला काय खर्च आहे? बस, नाश्ता, सेफ्टी गॉगल. चालू मशीनला हात लावू द्यायचा नाही हा नियम पाहिजेच, मोठ्या अक्षरात.

त्याच्या पुढची पायरी अप्रेंटिसची, म्हणजे शिकाऊ कामगारांची. कायदा 1961 चा आहे, 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचे 25 टक्के, महिना 1500 पर्यंत, सरकार देतं. आमच्यासारख्या सात-आठ माणसांच्या युनिटला सक्ती नाही, घेता मात्र येतात, पण ते पोर्टल, ते करार, ते रिटर्न कोण भरणार? मी भरून बघितलंय, दोन तास गेले आणि शेवटी ओटीपी आलाच नाही. हे कागदाचं काम संघटनेनं एक क्लार्क ठेवून पन्नास युनिटचं एकत्र केलं तर सातपूरच्या आयटीआयमधून निघालेल्या किती पोरांची सोय होईल. आणि हो, अप्रेंटिस म्हणून घेऊन वर्षभर पॅकिंगला लावायचं, चहा आणायला पाठवायचं, हे पण चालतं, सगळ्यांना माहितीये. संघटनेचा एखादा रिटायर्ड फोरमन दर तीन महिन्यांनी जाऊन पोरगा काय शिकला हे बघून आला तर मालकालाही जरा लाज वाटेल.

राहिला पैसा. समजा 500 मेंबरनी एकदाच दहा-दहा हजार दिले तर पन्नास लाख होतात. ते हात न लावता ठेवले तर आजच्या सहा-सात टक्क्यांनी वर्षाला तीन-साडेतीन लाख येतात, त्यात बस, गॉगल, आयटीआयला जाणाऱ्या पोरांना सेफ्टी शूज आणि व्हर्निअर एवढं आरामात होतं. दहा हजार म्हणजे आपल्याकडच्या वार्षिक स्नेहसंमेलनातल्या एका टेबलाचा खर्च आहे, तेव्हा परवडत नाही हे कुणी मला सांगू नये. मात्र हिशोब दरवर्षी छापून शाळेच्या नोटीस बोर्डावर लावायचा, नुसता ऑडिटरला द्यायचा नाही.

संपादक साहेब, तुमच्या बातमीदाराला एक विनंती. पुढच्या वेळी कुणी पदाधिकारी 'कुशल मनुष्यबळाचा तुटवडा' असं म्हणाले की त्यांना लगेच विचारा, यंदा तुमच्या किती मेंबरनी शाळेतली पोरं आत घेतली, किती अप्रेंटिस घेतले आणि त्यातले किती टिकले. उत्तर येईल ते तसंच छापा. आमचं युनिट शनिवारीही चालू असतं, कुणा शाळेला यायचं असेल तर पंधरा-वीस पोरं एका वेळी चालतील, फक्त चपला नको, बूट घालून या.

आपली,
एक वाचक, अंबड, नाशिक