फोटोखाली नाव, बिलावर तारीख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पेपरभर पुराचे फोटो येतात आणि त्यांतल्या बऱ्याच फोटोंखाली 'सोशल मीडियावरून' एवढंच असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांमधून फिरताना फोटो बारीक होतो आणि फाइलच्या पोटात लिहिलेलं नाव, तारीख, कॅमेरा सगळं गळून पडतं. कोपऱ्यात नाव टाकलेलं असेल तर तेही कुणीतरी कातरतं. डेस्कवरच्या माणसाला फोटो कुणाचा ते खरंच कळत नसेल. पण ज्या ग्रुपातून आला तिथं विचारलं किंवा गूगलवर तोच फोटो टाकून शोधला तर धनी बहुतेक वेळा सापडतो. चौकातल्या फ्लेक्सवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको. रंकाळ्यावरच्या संध्याकाळचा फोटो कुणाचा आणि वाढदिवस कुठल्या दादांचा!

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या फोटोची मालकी फ्रीलान्सरचीच. मेख आहे ती ऑर्डरच्या कामात. लग्न असो, हॉटेलचा मेनू असो की गुजरीतल्या सराफाचे दागिने, पैसे देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर कलम १७ प्रमाणे पहिला मालक गिऱ्हाईकच. म्हणून कॅमेरा उचलण्याआधी एक मेसेज पाठवावा: फोटो कशासाठी वापरणार, किती दिवस, नाव कुठं येणार, रक्कम किती, आणि 'मालकी फोटोग्राफरकडे राहील'. त्यावर आलेलं 'हो' जपून ठेवावं. हक्क लिहून देताना मुदत घालावी. नाही घातली तर कायदा ५ वर्षं धरतो. आणि हक्क विकले तरी फोटो आपण काढला हे सांगायचा अधिकार कलम ५७ने शाबूत राहतो. तेव्हा 'पैसे नाहीत, पण नाव छापतो की' या बोलीला अर्थ नाही. नाव द्यायचंच असतं, पैसे त्याशिवाय.

बिलं अडकतात ती बरीचशी तारखेवर. २००६च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यात एकट्या फोटोग्राफरचा व्यवसायही बसतो. त्याचा फायदा मिळण्यासाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते (पैसे मागणारी साइट सरकारी नव्हे), पण ती काम घेण्याआधीची असावी. मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत, लेखी ठरली असली तरी फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दाद केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग खात्याच्या पोर्टलवर मागता येते. हे दिवस मोजतात काम पोचल्यापासून. फोटो पेनड्राइव्हवर हातोहात दिले की तारखेचा पुरावा उरत नाही आणि अकाउंट्सवाले 'आमच्याकडे आलंच नाही' म्हणायला मोकळे. लिंक ईमेलनं पाठवावी, त्याच मेलला नंबर घातलेलं बिल जोडावं.

कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटचा रकाना असतो, तो अनेकांनी उघडलेलाही नसतो. एकदा नाव भरलं की प्रत्येक फाइलमध्ये ते आपोआप जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचंच झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं; फोटो लहान होत नाही, आतली माहितीही टिकते. रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, संस्कार न केलेली फाइल) मात्र देऊ नये. वाद झाला तर मूळ फोटो कुणाचा हे तीच दाखवते.

आपल्याकडे मागणी दोनच गोष्टींची. धनी सापडला नाही आणि बातमीसाठी फोटो छापावाच लागला, तर 'छायाचित्रकाराने संपर्क साधावा' अशी ओळ खाली असावी आणि तो आला की ठरलेला दर मिळावा. दुसरं, बाहेरच्या फोटोला पहिल्या पानावर किती आणि आत किती, हा दर आपण एकदा छापून टाकावा. पान सुटायच्या वेळी फोनवर घासाघीस करण्यात आपलाही वेळ जातो.

आपला,
एक फ्रीलान्स फोटोग्राफर,
मंगळवार पेठ, कोल्हापूर