घनता झाली, पण बेरियम गेलं का?

प्रिय मैत्रेयी,

अनेक आशीर्वाद.

इंधन-घटासाठी तू भाजतेस ती सिरॅमिकची गोळी ९६ टक्के घनतेची झाली, तरी तिच्यातून प्रोटॉन वाहण्याची क्षमता, म्हणजे वाहकता, अपेक्षेच्या निम्मीसुद्धा येत नाही, असं तू परवा फोनवर म्हणालीस. तू पाठवलेले पेपर मी वाचले. भोसरीत सिंटरिंगच्या, म्हणजे दाबलेली पूड न वितळवता भाजून घट्ट करायच्या, भट्टीपुढे आयुष्य गेल्यामुळे त्यातले तापमानाचे आलेख तरी मला परके नाहीत.

आमचं काम तुझ्या अगदी उलट होतं, बघ. बुशमध्ये, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत, आम्ही छिद्रं मुद्दाम ठेवायचो, कारण त्यातच तेल मुरतं. लोखंड-तांब्याचा माल ११२० अंशांना भाजायचो, त्यात तांबं वितळून लोखंडाच्या कणांत शिरायचं आणि जॉब आटायच्या, म्हणजे आकसून घट्ट व्हायच्या, ऐवजी किंचित फुगायचा. तुला मात्र एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला हवा ठेवायची आहे. एकमेकांना जोडलेली छिद्रं राहिली की वायू आरपार जाणार.

तुझं यिट्रियम घातलेलं बेरियम झिर्कोनेट तर भलतंच हट्टी. सुपरकंडक्टरचे स्फटिक वाढवायला याच पदार्थाच्या मुशी वापरतात, कारण त्या वितळलेल्या मिश्रणाला दाद देत नाहीत. असा पदार्थ आपणहून कशाला आटेल? म्हणून लोक १६०० ते १७०० अंशांना चोवीस चोवीस तास भाजतात. मला खटकतं ते इथेच. इतक्या उष्णतेत बेरियम उडून जातं. ते कमी पडलं की थोडं यिट्रियम झिर्कोनियमची जागा सोडून बेरियमच्या जागी जाऊन बसतं. मग ऑक्सिजनच्या ज्या रिकाम्या जागांत पाण्याची वाफ शिरून प्रोटॉन तयार होतात, त्याच घटतात. गोळी बाहेरून ठणठणीत दिसते, पाण्यात बुडवून घनता काढायच्या आर्किमिडीजच्या वजनातही पास होते, पण आतून रोड झालेली असते. घनतेच्या आकड्यावर तुझ्या क्षेत्रात जरा जास्तच भरवसा ठेवतात, असं माझं मत झालंय.

तू एक टक्का निकेल ऑक्साइड घालतेस, ते मला पटलं. ते बेरियम आणि यिट्रियमशी मिळून मधल्या टप्प्यावर वेगळं संयुग करतं, त्यामुळे १४०० ते १४५० अंशांतच काम होतं. आमच्या तांब्याचा हा भाऊच म्हण. पण काम झाल्यावर निकेल निघून जात नाही. उरलेलं आतच राहतं आणि प्रोटॉनच्या वाटेत येतं. २००५ मध्ये बाबिलो आणि हाइल या संशोधकांनी झिंक ऑक्साइड घालून १३०० अंशांना गोळी घट्ट केली होती, तोही रस्ता आहे. पण आधी आहे ती गोळी तपास.

भाजण्यापूर्वी आणि नंतर वजन करतेस का? पूड धरून ठेवायला घातलेला बाइंडर जळून गेल्यावरचं वजन धर, नाहीतर त्याचीच घट बेरियमच्या नावावर पडेल. ॲल्युमिनाच्या ताटलीवर गोळी सरळ ठेवू नकोस, बेरियमची तिच्याशी रासायनिक क्रिया होते. खाली आणि वर त्याच पदार्थाची पूड अंथर, तिच्यात थोडं बेरियम कार्बोनेट जास्तीचं घाल, म्हणजे बेरियमची वाफ पुडीतून येईल आणि गोळी वाचेल. शिवाय इम्पिडन्समध्ये, म्हणजे बदलत्या वारंवारतेच्या विजेने रोध मोजताना, कणाचा आणि कणांच्या सीमेचा रोध वेगवेगळा काढ. या पदार्थात सीमेवर धन प्रभार साचतो आणि प्रोटॉन तिथे अडतात. कण बारीक म्हणजे सीमा जास्त, त्यामुळे दोष बेरियमचा की सीमेचा हे एकाच आकड्यातून कळणार नाही.

झिर्कोनियमच्या जागी सीरियम जास्त घालून सोपं करावंसं वाटेल. ते सहज आटतं आणि वाहकताही बरी येते, पण कार्बन डायऑक्साइडपुढे टिकत नाही, बेरियम कार्बोनेट होऊन बसतं. गाइड काय म्हणतात ते विचार.

पुढच्या वेळी गोळी तोडून आडव्या छेदाचे फोटो पाठव, वरच्या पृष्ठाचे नकोत. कडेला आणि मधोमध कणांचा आकार वेगळा दिसतो का, ते मला बघायचंय.

तुझे,
बाबा