खोडावरचे शेवाळ खरवडू नका

महोदय,

पावसाळ्यात आमच्या फोंडा भागात आंब्या-फणसाची खोडे हिरवीगार होतात. मग ‘झाडाला रोग लागला’ म्हणून कोणीतरी कोयत्याने ती खरवडतो. हे पाहून जीव तुटतो. शेवाळाला (मॉसला) खरी मुळे नसतात. ते पानांनीच पाणी शोषते, झाडाचा रस घेत नाही. पोफळीच्या खोडावरचे पांढुरके, राखी चट्टे म्हणजे शैवाक (लायकेन) : बुरशी आणि शैवाल (अल्गी) यांचा एकत्र संसार. अन्न शैवाल बनवते, झाड केवळ आधार देते. शागुतीत पडणारे दगडफूल याच कुळातले.

शेवाळ खोडाच्या सावलीतल्या उत्तर बाजूलाच वाढते, हा ठोकताळा उत्तरेकडच्या थंड देशांतला. गोव्यात मे ते ऑगस्टच्या पूर्वार्धापर्यंत भर दुपारचा सूर्यच उत्तरेकडे असतो. इथे शेवाळ धरते ते ओल टिकेल तिथे, म्हणजे खडबडीत सालीच्या भेगांत, फांद्यांच्या बेचक्यात, पाणी ओघळते त्या बाजूला. शैवाकाला मात्र थोडा उजेडही लागतो. त्याच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, आणि गंधकाच्या धुराने अनेक जाती लवकर मरतात. खरवडताना साल सोलली गेली, तर रोग आणणारी बुरशी तिथूनच आत शिरते. कृषी खात्याने कुळागरवाल्यांना (पोफळीच्या बागायतदारांना) हे पावसाआधीच सांगावे.

– एक वाचक, फोंडा