फुटलेला तंबोरा, न बनवलेला क्रेट आणि ‘डोअर टू डोअर’ची दोन बिलं: लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, आंतरराष्ट्रीय घरसामान विभाग
प्रत: संचालक, पुणे शाखा

विषय: पुणे ते मेलबर्न घरसामान. पॅकिंग ९ डिसेंबर २०२४, पोच ५ मार्च २०२५.

काल दुपारी तुमच्या क्लेम विभागातल्या गृहस्थांनी माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. तो माझा अकरावा फोन होता. बारावा मी करणार नाही, म्हणून हे पत्र. बुकिंग क्रमांक, यादी आणि पावत्या तुमच्याकडे आहेत. घनमीटर कसा मोजतात, कंटेनरमध्ये पाच घरांचं सामान एकत्र कसं भरतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. मी फक्त तुम्ही काय केलंत ते सांगते.

६ घनमीटर सामानासाठी तुम्ही माझ्याकडून २,८६,००० रुपये घेतलेत. कोटेशनवर ‘डोअर टू डोअर, सर्व खर्चासह’ असं छापलेलं आहे. त्याच कोटेशनची सातवी ओळ वाचा: ‘लाकडी क्रेट, वाद्य, १ नग, ९,५०० रुपये’. हे वाद्य म्हणजे माझ्या आईचा तंबोरा. तिने तो १९७४ साली मिरजेहून आणला. त्यावर ती एकेचाळीस वर्षं गायली आणि आमच्या कोथरूडच्या घरात गल्लीतल्या निम्म्या मुलींना तिने त्याच तंबोऱ्यावर सा लावायला शिकवलं. आई गेली त्याला तीन वर्षं झाली. या सगळ्या सामानात दुसरं काही नसतं तरी चाललं असतं. हे मी तुमच्या सर्व्हेअरला सर्व्हेच्या दिवशीच सांगितलं होतं. ते म्हणाले होते, “ताई, निश्चिंत राहा, त्याचा वेगळा क्रेट होणार.”

क्रेट झाला नाही.

पॅकिंगच्या दिवशी आठ वाजता सहा माणसं आणि एक सुतार येणार होते. अकरा वाजता चार माणसं आली. सुतार नव्हताच. मुकादम म्हणाले, “सुतार उद्या गोडाऊनला येतोय, तिथे क्रेट बनवून घेतो. परदेशी लाकडाला तो शिक्का लागतो ना, तसलं लाकूड तिथेच आहे.” हे मला पटलं, कारण क्रेटचं लाकूड ५६ अंशांवर तापवून त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारावा लागतो हे मी वाचलेलं होतं. मी तारा सैल केल्या, तारा टेकतात त्या घोडीखाली मऊ कापड सारलं, तंबोरा गवसणीत घातला, भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळली आणि वर मार्करने लिहिलं: ‘यावर काहीही ठेवू नये.’

त्या चार पोरांविरुद्ध माझी तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. ती दुपारी चारपर्यंत जेवली नव्हती. मी पोहे केले ते उभ्यानेच खाल्ले आणि परत कामाला लागली. सहा जणांचं काम चौघांवर टाकणारे तुम्ही आहात. त्या घाईत काय झालं ते पाहा. ओट्यावर मी मिसळणाचा डबा आणि सुक्या मिरच्यांची बरणी शेजारच्या वहिनींना द्यायला बाजूला ठेवली होती. ती दोन्ही जशीच्या तशी कुकरबरोबर खोक्यात गेली. न्हाणीघरातला कचऱ्याचा डबासुद्धा कचऱ्यासकट आला. मेलबर्नला तो उघडला तेव्हा त्यात कोथरूडच्या साबणाचे कागद होते.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. धान्य कोठारात फस्त करणारा खापरा भुंगेरा देशात येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२० पासून घरसामानातून तांदूळ, डाळी, जिरं, धणे, सुक्या मिरच्या पाठवायला बंदी केली आहे. तुम्ही या मार्गावर सामान पाठवता, तुम्हाला हे माहीत असलंच पाहिजे. सामानात खाण्याचे जिन्नस नाहीत असं जाहीर करणाऱ्या फॉर्मवर सही तुमची नसते, माझी असते. नव्या देशात पाऊल ठेवल्या ठेवल्या माझ्या नावावर खोटं विधान लागायची वेळ आली. इथल्या जैवसुरक्षा खात्याने माझा खुलासा ऐकून घेतला, ते जिन्नस नष्ट केले आणि जादा तपासणीचे पैसे लावले. ते पैसे मी भरले.

आणि ‘डोअर टू डोअर’. पंचेचाळीस दिवस म्हणाला होतात, शहाऐंशी लागले. सामान कोलंबोला अडकलंय हेही तुमच्याकडून नाही, जहाज कंपनीच्या वेबसाइटवरून कळलं. ते सोडून देते. पण सामान मेलबर्नला पोचल्यावर तुमच्या इथल्या एजंटाने १,१४० डॉलरचं बिल पाठवलं: बंदर हाताळणी, डेपो फी, कागदपत्रं, तपासणी. पैसे भरल्याशिवाय सामान सोडणार नाही म्हणाला. ‘सर्व खर्चासह’ याचा अर्थ मराठीत एकच होतो. सामान अडकवून मग बिल पुढे करणं याला मी अडवणूक म्हणते. माझ्या मुलांना जमिनीवर झोपवून किती दिवस भांडणार? भरले.

५ मार्चला ट्रक आला. तंबोरा क्रेटमधून निघाला नाही. एक लांब पुठ्ठ्याचं खोकं, दोन ठिकाणी आत दबलेलं. गवसणी उचलली तेव्हा आतून कवड्या खुळखुळाव्यात तसा आवाज आला. मला तिथेच कळलं. भोपळ्याचे सात तुकडे झाले होते. तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, दांडीपासून सुटून वर आली होती. एका तुकड्याच्या आतल्या बाजूला कारागिराने पेन्सिलने लिहिलेला आकडा होता आणि खाली ‘मिरज’. जन्मापासून घरात असलेल्या तंबोऱ्यावरची ती अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली, कारण ती दिसायला भोपळा फुटावा लागतो.

तुमचं म्हणणं आलं की तो इथल्या सरकारी तपासणीत फुटला असेल. नाही. डेपोत कंटेनर रिकामा करताना काढलेले फोटो मी एजंटाकडून मागवले, तुम्हाला तीनदा ई-मेल केले. खोकं तपासणीच्या आधीच दबलेलं आहे आणि त्यावर दोन खोकी चढवलेली स्पष्ट दिसतात. वरच्या खोक्यावर तुमच्याच माणसाच्या अक्षरात ‘किचन – स्टील’ लिहिलंय. परदेशी अधिकारी वाद्य सोलून टाकतील अशी मला सगळ्यांनी भीती घातली होती. त्यांनी भोपळ्याचे तुकडे पाहिले, आत बी किंवा कीड नाही याची खात्री केली आणि एकेक तुकडा कागदात गुंडाळून पिशवीत घालून परत गवसणीत ठेवला. इतकी काळजी मी पैसे देऊन तुमच्याकडून विकत घेतली होती.

आता कालचा फोन. चौदा मिनिटं संगीत ऐकवलंत, मग हे गृहस्थ आले. संभाषण मी लगेच लिहून ठेवलं, म्हणून शब्द तेच आहेत.

ते म्हणाले, “मॅडम, तुमच्या लिस्टमध्ये तर गिटार आहे.”

मी म्हटलं, लिस्ट तुमच्या माणसाने लिहिली, तो तंबोरा आहे.

“आणि समोर पी.बी.ओ. आहे. म्हणजे तुम्ही स्वतः पॅक केलंय. मालकाने पॅक केलेल्या मालाची मोडतोड विम्यात येत नाही.”

मी सांगितलं की मी गोधडी गुंडाळली, खोकं तुमच्या माणसांनी बांधलं, टेप तुमच्या कंपनीची आहे. संध्याकाळी साडेसात वाजता, मीटर बंद केलेल्या घरात, मोबाइलच्या उजेडात एकसष्ट ओळींच्या यादीवर ‘इथे सही, इथे सही’ करून घेतलीत. आणि मुळात क्रेटचे पैसे घेतले होते, क्रेट कुठे आहे?

क्रेटला उत्तर नाही. म्हणाले, “बिल आहे का वस्तूचं?”

आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून तंबोऱ्याचं वय दाखवायला तुम्हीच ते मागितलं होतं. मिरजेचं, १९७४ चं, ६५० रुपयांचं.

“मग मॅडम ६५० वर घसारा लागेल.”

मी म्हटलं, विम्याच्या फॉर्मवर मी याची किंमत ४०,००० लिहिली, तुम्ही ती मान्य केलीत आणि त्यावर तीन टक्क्यांनी हप्ता घेतलात. हप्ता घेताना ४०,००० आणि भरपाई देताना ६५०?

ते गप्प. मग विचारलं, “पूर्ण तुटलंय का?”

“भोपळा फुटलाय.”

“म्हणजे भोपळाच ना? लाकूड नीट आहे ना? मग भोपळा काय मॅडम, तिकडे मिळेल की. इंडियन स्टोअर्स असतात ना तिकडे.”

त्यांच्यामागे कुणीतरी हसलं. ते मला ऐकू आलं. तेही हसले. मी त्यांचं नाव विचारलं. नाव सांगायची पद्धत नाही म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या वरिष्ठांशी बोलायचंय. त्यावर हे वाक्य: “मॅडम, एवढं प्रेशस होतं तर विमानात मांडीवर घेऊन जायचं.” आणि फोन बंद.

मांडीवर घ्यायचं वाद्य मांडीवर का नेलं नाही, हे मला तुमच्या क्लार्कने विचारावं? तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून नेलं नाही. क्रेटचे ९,५०० रुपये त्यासाठीच दिले होते.

भोपळ्याबद्दल त्या गृहस्थांना कुणीतरी सांगा. तंबोऱ्याचा भोपळा भाजीचा नसतो, कडू असतो. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूला तो वाद्यांसाठी पिकवतात, वाळवतात आणि मिरजेचे कारागीर त्यातून हव्या त्या घेराचा निवडून घेतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. मी मिरजेला फोटो पाठवले. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरांनी पाहून सांगितलं की तुकडे जोडून उपयोग नाही, गळ्याजवळ चुरा झालाय. नवा भोपळा घालता येईल, जवारी, म्हणजे आवाज खुलवणारी घोडीची घासणी, नव्याने लावता येईल, “पण बाई, आवाज तोच येईल असं मी खोटं सांगणार नाही.” ज्यांचा या प्रकरणात एक पैशाचा संबंध नाही ते इतकं नीट बोलले. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी मला दुकानातून भोपळा आणायला सांगितलं.

तुमची निवड मी स्वस्त म्हणून केली नव्हती. दुसरी कंपनी ४०,००० रुपयांनी कमी सांगत होती. १९९८ मध्ये वडिलांची नाशिकहून पुण्याला बदली झाली तेव्हा तुमचाच ट्रक आला होता. आईच्या काचेच्या बरण्यांतली एकही तडकली नव्हती आणि हाच तंबोरा तुमच्या माणसाने ड्रायव्हरच्या केबिनमध्ये उभा धरून आणला होता. मी तेव्हा शाळेत होते, मला ते आठवतं. म्हणून तुम्ही. आता ओळखीत कुणी परदेशी निघालं आणि मला विचारलं, तर मी हे पत्र जसंच्या तसं पुढे पाठवणार आहे.

माझ्या मागण्या. विम्याचे ४०,००० रुपये पूर्ण. न बनवलेल्या क्रेटचे ९,५०० परत. ‘सर्व खर्चासह’ म्हणून घेतल्यावर पुन्हा भरायला लावलेले १,१४० डॉलर परत. यादीतली ‘गिटार’ आणि ‘पी.बी.ओ.’ ही नोंद चुकीची होती असं कंपनीच्या कागदावर लेखी. आणि काल माझ्याशी बोललेल्या माणसाची लेखी माफी, नावासकट. ही शेवटची मागणी मी पैशांच्या बदल्यात सोडणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. करार पुण्यात झाला, पैसे पुण्यात दिले, पॅकिंग पुण्यात झालं. भाऊ तिथेच आहे, त्याला अधिकारपत्र पाठवलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मला दोन वर्षांची मुदत आहे आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्कही नाही. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्ही लावणार आहे. मी परदेशात आहे म्हणून कंटाळून सोडून देईन असा हिशेब कुणी केला असेल तर तो चुकला आहे.

आणि पुन्हा विचारते, कारण अकरा फोनमध्ये एकदाही उत्तर मिळालं नाही: क्रेट कुठे आहे? बनवला होता तर दाखवा. बनवला नव्हता तर गोडाऊनमधून तंबोरा पुठ्ठ्याच्या खोक्यात पुढे सोडणाऱ्याचं नाव द्या.

उत्तर लेखीच पाठवा, फोन नको. सातही तुकडे आणि चुरा, डेपोने दिला तसा, पिशवीत ठेवला आहे. पाहणीला माणूस पाठवायचा असेल तर एक दिवस आधी कळवा. तो तंबोऱ्याला हात लावेल तेव्हा मी समोर असेन.

तुमची ग्राहक,
पूर्वी कोथरूड, पुणे, सध्या मेलबर्न